परकोटाच्या आतले चांदा : पायी चालणाऱ्याचे शहर

इतिहासाच्या तासाला आपण राजांची नावे पाठ केली, लढायांची साले पाठ केली. पण ज्या रस्त्यावरून राजाही गेला आणि मोळीविकीही गेली, त्या रस्त्याचा इतिहास आपल्याला कुणी शिकवला नाही. आज मी तो सांगणार आहे. शहर आपल्या ओळखीचेच आहे. जुनी माणसे त्याला चांदा म्हणत, आपण चंद्रपूर म्हणतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही खेड्यातले लोक, शहराच्या रस्त्यांशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि जवळचा आहे. कोर्टाची तारीख असो, दवाखाना असो, पोराचा कॉलेजातला दाखला असो, शेवटी शहराची वाट धरावीच लागते. एस. टी. तून उतरल्यावर खेड्यातल्या माणसाजवळ वाहन म्हणून काय असतं? दोन पाय. म्हणजे शहर पायी चालणाऱ्याच्या सोयीचे आहे की नाही, हा प्रश्न बंगल्यात राहणाऱ्यापेक्षा तुमचाच अधिक आहे.

शहरात घरे कुठे असावीत, दुकाने कुठे, कारखाने कुठे, याचे जे नियम करतात त्यांना हल्ली झोनिंग म्हणतात. आपण त्याला जागेच्या वापराचे नियम म्हणू. हे नियम कुठून आले, ते यायच्या आधी आपले चांदा कसे चालत होते, आणि नियम आल्यावर काय साधले नि काय हातचे गेले, एवढेच आज पाहायचे आहे.

चांद्याच्या स्थापनेची दंतकथा तुमच्यापैकी पुष्कळांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा अंगावरच्या गाठींनी हैराण झाला होता. राजधानी तेव्हा बल्लारपूरला होती. झरपट नदीच्या पात्रातल्या एका झऱ्याचे पाणी अंगाला लागले आणि त्याच्या व्यथा बऱ्या झाल्या. पुढे त्याच परिसरात शिकारीला गेला असता त्याने विपरीत पाहिले. ससा कुत्र्याच्या मागे लागला होता! पळता पळता दोघांनी एक मोठे कडे घेतले. राणीने सांगितले, ही जमीन पराक्रमाची आहे, या कड्यावरूनच तटाचा पाया घाला. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता, म्हणून चंद्रपूर. ही झाली कथा. इतिहासाचे विद्यार्थी हा काळ साधारण पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात धरतात. तटाचे काम पुढे कित्येक पिढ्या चालले आणि धुंड्या रामशहाच्या काळी पुरे झाले असे सांगतात.

सशाचे सोडून द्या. पण कथेत एक गोष्ट खरी आहे. आधी रेघ आखली, मग शहर वसले. गावे बहुधा उलट वाढतात. चार घरांची आठ होतात, आठांची ऐंशी, आणि मग कुणाला तरी कुसू घालायचे सुचते. चांद्याचा परकोट आधी ठरला. आत मोकळी जागा इतकी ठेवली होती की इंग्रजी अमदानीतल्या वर्णनांतही तटाच्या आत शेते आणि सुटी सुटी खेडी असल्याचा उल्लेख येतो. वेढा पडला तर आत पीक हवे, गुरांना चारा हवा, पाणी हवे. रामाळा तलाव आतल्या वस्तीच्या अगदी अंगाला आहे, तो उगाच नव्हे.

या परकोटाला चार दरवाजे. उत्तरेला जटपुरा, पश्चिमेला बिनबा, दक्षिणेच्या अंगाला पठाणपुरा आणि झरपटीच्या बाजूला अंचलेश्वर. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरला आहे, तो गोंडराजांचे चिन्ह. चार दरवाजांखेरीज पाच खिडक्या आहेत : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. खिडकी म्हणजे घराची नव्हे. तटातले लहान दार. दरवाजा गाड्याघोड्यांसाठी, फौजेसाठी, हत्तीसाठी. खिडकी पायी जाणाऱ्यासाठी. डोक्यावर घागर घेतलेली बाई, नदीवर निघालेला माणूस, खांद्यावरची तिरडी, यांना अर्धा कोस वळसा घालून मोठ्या दरवाजाने जायला लावायचे नाही, एवढा विचार त्या बांधणीत दिसतो. मसाण खिडकीचे तर नावच बोलते.

आता थोडे गणित करू. परकोटाचा घेर दहा-अकरा किलोमीटर भरतो. तो बरोबर गोल नाही, पण गोल धरला तर मधोमध उभ्या असलेल्या माणसापासून तट दीड-पावणेदोन किलोमीटरवर येतो. म्हणजे मैलभर. सावकाश चालणाऱ्यालाही वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. राजधानीचे एवढे शहर, पण त्यात कुठूनही कुठेही जायला सकाळची भाकरी पचायच्या आत माणूस पोचे. पायाचे अंतर हेच त्या शहराचे माप होते.

आणि आत काय होते? कोष्ट्याचे घर घ्या. चांद्याचे लुगडे, काठाचे काम आणि आरमोरीकडचा कोसा यांचा एके काळी बाहेर लौकिक होता. कोष्ट्याच्या घरात पुढच्या सपरीत माग, मागे चूल, अंगणात ताणा. बायको कांड्या भरते, म्हातारा धोटा फेकतो, पोर तिथेच खेळते. गिऱ्हाईक ओट्यावर बसून भाव करते. घर कोणते आणि कारखाना कोणता, हा प्रश्नच नाही. तसेच कासाराचे, सोनाराचे, बुरुडाचे, शिंप्याचे. गंजात धान्याच्या राशी, आणि राशींच्या मागेच व्यापाऱ्याचे राहते घर. गोल बाजारात दिवसा गुजरी, आणि त्याच गल्ल्यांत रात्री निजानीज. भानापेठ, पठाणपुरा, घुटकाळा, गंज ही नावे अजून टिकली आहेत.

अशा वस्तीचा मोठा गुण असा, की रस्ता कधी ओस पडत नाही. सकाळी पाणी, दुपारी बाजार, संध्याकाळी देऊळ, रात्री ओट्यावरच्या गप्पा. रस्त्यावर कुणाचा तरी डोळा असतोच. अमेरिकेत न्यूयॉर्कला राहणाऱ्या जेन जेकब्ज नावाच्या बाईंनी १९६१ साली एक पुस्तक लिहून नगररचनेच्या पंडितांना हेच सुनावले. घर, दुकान, काम, करमणूक एकमेकांत मिसळलेली असली तरच पायवाट जागती राहते आणि सुरक्षित राहते, असा त्यांचा सिद्धान्त. जगभर त्याचा गवगवा झाला. आपल्या भानापेठेतल्या आजीला तो पुस्तकाशिवाय ठाऊक होता. ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसलेल्या आजीच्या नजरेतून गल्लीतले कोणते पोर सुटत होते?

पण श्रोते हो, जुने ते सगळे सोने, असे सांगायला मी आलेलो नाही. तसे सांगितले तर इतिहासाशी बेइमानी होईल. जुन्या शहरात कामे मिसळलेली होती, माणसे मिसळलेली नव्हती. मोहल्ले जातवार होते. कुणी कुठे राहावे, कोणत्या विहिरीवर जावे, कोणत्या ओट्याला शिवू नये, याचेही नियमच होते. ते कागदावर नव्हते एवढेच, आणि म्हणून त्यांच्यावर अपीलही नव्हते. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, ही आपल्या देशातली जागेच्या वापराची सर्वांत जुनी आणि सर्वांत कठोर वाटणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा दिली, आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते दीक्षा द्यायला चंद्रपूरला आले. त्या दिवशी जे हजारो लोक पायी, बंडीने, मिळेल त्या वाहनाने इथे आले, त्यांना ही वाटणी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून जुन्या चांद्यातून काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हे निवडूनच घेतले पाहिजे.

आता पुढचा काळ. १७५१ साली चांदा नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी किल्ला सर केला. १८५३ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले. १८५८ साली बाबूराव सेडमाके यांना याच शहरातल्या तुरुंगात फाशी दिले, हे आपल्याला माहीत आहे. इंग्रजांनी तट पाडला नाही. पण त्यांनी एक गोष्ट केली, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. त्यांनी आपली वस्ती जटपुरा दरवाजाच्या बाहेर, उत्तरेला मांडली. साहेबांचे बंगले, कचेऱ्या, रुंद सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना झाडे. त्याला नाव पडले सिव्हिल लाइन्स. ते नाव आजही आहे.

माझ्या मते आधुनिक अर्थाने चांद्यात जागेची वाटणी झाली ती इथे. राज्य करणारा एका बाजूला, बाजार करणारा दुसऱ्या बाजूला. कचेरी एका टोकाला, वस्ती दुसऱ्या टोकाला. बंगल्यातला साहेब घोड्यावर नाही तर टांग्यात. त्याला अंतर कळत नसे. अर्ज घेऊन येणाऱ्या रयतेला मात्र ते पायाने मोजावे लागे. पुढे रेल्वेची स्टेशनेही तटाबाहेरच झाली. एकाचे नाव अजून चांदा फोर्ट. जुने नाव पाटीवर शिल्लक राहिले, किल्ल्यातली वर्दळ मात्र हळूहळू बाहेर सरकली.

तिकडे युरोपात याच सुमारास निराळा प्रश्न उभा होता. गिरण्यांच्या धुराड्यांखाली मजुरांच्या चाळी, चाळीला लागून कातडी कमावण्याचे कारखाने. पटकी आणि क्षय यांनी माणसे मरत होती. त्यावर उपाय म्हणून जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहराने १८९१ साली शहराचे भाग पाडून भागवार बांधकामाचे नियम केले. न्यूयॉर्कने १९१६ साली सबंध शहरासाठी तसा कायदा केला. आपल्याकडे मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६६ साली प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम झाला, आणि आज विदर्भापासून कोकणापर्यंत शहरांचे विकास आराखडे त्याच्याखाली होतात.

कारखाना घरापासून दूर न्या, हे म्हणणे चूक होते काय? मुळीच नाही. हे चंद्रपूरकराला सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत वरोऱ्याला कोळशाची खाण निघाली, विसाव्याच्या आरंभी बल्लारपूरला. मग परकोटाला लागून लालपेठेच्या खाणी, १९८० नंतरचे मोठे औष्णिक वीज केंद्र, आणि आसपासचे सिमेंटचे कारखाने. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाच्या दृष्टीने पाहणी केली, तेव्हा चंद्रपूरचा क्रमांक वरून चौथा लागला. वाळत घातलेल्या धोतरावर काळी पूड बसते, ती ज्या घरात बसते त्या घरातल्या बाईला नियम हवाच असतो. धुराडे आणि पाळणा एकमेकांपासून दूर असलेच पाहिजेत.

चूक झाली ती पुढे. धुराडे दूर नेण्याचा नियम हळूहळू किराणा दुकानालाही लागू झाला. इथे फक्त घरे, तिथे फक्त दुकाने, पलीकडे फक्त कचेऱ्या. १९३३ साली युरोपातल्या वास्तुविशारदांच्या परिषदेने शहराची चार कामे सांगितली : राहणे, काम, करमणूक आणि ये-जा. कामे वेगळी म्हणून जागाही वेगळ्या, असा अर्थ त्यातून निघाला. त्यांच्यातले एक पुढारी ल कॉर्ब्यूझिए यांनी आपल्याकडे चंदीगड आखले. ते शहर देखणे आहे, हिरवे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण असा नमुना लहानसहान गावांनी अर्धामुर्धा उचलला की काय होते? झाडे येत नाहीत, बागा येत नाहीत. येते फक्त अंतर.

गडचिरोलीचे उदाहरण घ्या. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. फार जरुरीचे काम झाले, कारण भामरागड-सिरोंच्याच्या माणसाला चंद्रपूर म्हणजे परदेशच होता. इंदिरा गांधी चौकात चंद्रपूर, आरमोरी, चामोर्शी आणि धानोरा हे चारही रस्ते मिळतात. बाजार, दवाखान्याची वाट, बसगाड्या सगळे तिथल्या अंगाला. पण जिल्ह्याच्या नव्या कचेऱ्या मांडल्या त्या चौकापासून दूर, एका वेगळ्या आवारात. लोक त्याला कॉम्प्लेक्स म्हणतात. जागा मोकळी होती, सरकारी होती, हे खरे. पण भामरागडकडून पहाटेच्या गाडीने निघालेला म्हातारा दुपारी चौकात उतरतो, त्याला पुढे उन्हातून जावे लागते. कचेरीत कळते, एक झेरॉक्स कमी आहे, एक फोटो कमी आहे. एवढ्या छोट्या कामासाठी पुन्हा भटकंती. आमच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, आमच्या गावात घरापासून गोटुल दिसतं, गोटुलापासून शेत दिसतं. शहरातल्या शहाण्या माणसांनी सगळं इतकं लांब लांब का ठेवलं?” मी इतिहासाचा अध्यापक, उत्तर द्यायला मला हे सारे पुराण सांगावे लागले.

या बाबतीत एका परक्या माणसाची आठवण काढली पाहिजे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे. मूळ शास्त्र वनस्पतींचे, पण ते शहरांचे वैद्य झाले. १९१४ च्या सुमारास ते हिंदुस्थानात आले आणि मद्रासपासून लाहोरपर्यंत कितीतरी शहरे पायांखाली घातली. आपल्या नागपूरवरही त्यांनी अहवाल लिहिला. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले. त्यांची रीत साधी होती. नकाशा उघडण्यापूर्वी ते शहरातून हिंडत, बोळाबोळांतून जात, विहिरी, देवळे, पारावरची झाडे बघत. त्या काळच्या इंजिनिअरांचा एकच मंत्र असे. दाट वस्ती दिसली की तिच्यातून सरळ रुंद रस्ता कापा. गेडिस म्हणत, रोगी बरा करायचा आहे, कापून काढायचा नाही. एखादे पडके घर काढा, विहीर साफ करा, पार बांधा, हवा खेळू द्या. पण वस्ती उठवू नका. गरिबाचे घर मोडून श्रीमंताच्या गाडीला वाट करणे, याला ते सुधारणा म्हणायला तयार नव्हते. शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार. मला तर तो उद्याचा वाटतो.

नागपूरलाही एके काळी तट होता. आज महाल भागातला एक दरवाजा सोडला तर त्याची खूण शोधावी लागते. चांद्याचा परकोट मात्र बहुतेक सगळा उभा आहे, ही आपली मिरास आहे. २०१७ साली इको-प्रो या चंद्रपूरच्या संस्थेतले तरुण पहाटे उठून बुरुजांवरची झाडेझुडपे तोडू लागले, कित्येक महिने रोज श्रमदान केले, तटावरून चालता येईल अशी वाट मोकळी केली. त्या कामाचा उल्लेख त्याच वर्षी पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरच्या भाषणात झाला. पोरांनी दगडावरचे गवत काढले, आणि त्या दगडाखालचा इतिहास पुष्कळांना त्या दिवशी प्रथम दिसला.

आणि इथेच आजचा खरा पेच आहे. परकोट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९९२ च्या अधिसूचनेने आणि २०१० च्या दुरुस्ती कायद्याने अशा वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय काही करता येत नाही. ताजमहालाला हा नियम ठीक बसतो. पण दहा किलोमीटर लांबीच्या तटाला तो लावला म्हणजे काय होते, पाहा. दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर मीटर धरले तर नुसता मनाईचा पट्टाच दोनशे हेक्टर होतो, म्हणजे सुमारे पाचशे एकर. त्या पट्ट्यात माणसे राहतात. त्यांची छपरे गळतात, पोरांची लग्ने होतात, एक खोली वाढवावीशी वाटते. दुरुस्तीलाही वरची परवानगी लागते. तटाचा दगड राखायचा हे मलाही मान्य, शंभर वेळा मान्य. पण दगडापासून किती अंतरावर बांधावे हे इंचाइंचाने ठरवणाऱ्या आपल्या समाजाने, त्या दगडाजवळून पायी जाणाऱ्या माणसाला किती जागा ठेवावी, याची तेवढी काळजी कधी घेतली काय?

जटपुरा दरवाजापाशी संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहा. गोंडराजाने हत्ती जावा म्हणून बांधलेल्या त्या दरवाजाला मोटारी, ऑटो, मोटारसायकली यांची कोंडी झालेली असते. कुणी म्हणतो, तट फोडून नवी वाट काढा. कुणी म्हणतो, रस्ता रुंद करा. पण मोटारीला रस्ता द्यावा तितका पुरत नाही. आज रुंद केला, उद्या भरला. आणि या सगळ्या गोंगाटात हातात पिशवी घेतलेली बाई भिंतीला चिकटून चाललेली असते. तिची कोंडी कुणी मोजत नाही.

तर मग करावे काय? तोडगे मोठे नाहीत, नवेही नाहीत. पहिली गोष्ट, घर आणि दुकान यांचे जुने नाते मोडू नये. २०२० साली राज्याने बहुतेक सगळ्या शहरांसाठी बांधकामाची एकत्रित नियमावली लागू केली. तीत निवासी भागातही रस्त्याची रुंदी पाहून दुकाने, छोटे व्यवसाय यांना मुभा आहे. ही चांगली गोष्ट आहे. खाली दुकान, वर घर, पुढे सावलीचा सज्जा, हा आपल्या गंजातला आणि भानापेठेतला नमुना नियमात बसतो. मात्र रात्री धडधडणारे यंत्र, वास मारणारे रसायन, धूर ओकणारी भट्टी, यांना तिथे थारा नको. माग चालेल, धुराडे नको. एवढी तारतम्याची रेघ नियमाने ओढावी.

दुसरी गोष्ट, पायवाट ही भीक नव्हे, हक्क आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सांगितले की वाहने नव्हे, माणसे हलवायची आहेत. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच म्हटले की चालण्याजोगी पायवाट मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पुण्याने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण केले, आणि पुढे ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो. एका दिवसाने काय होणार, असे कुणी म्हणेल. पण एक दिवस रस्त्याच्या मधून चाललेल्या पोराला वर्षभर तो रस्ता आपला वाटतो.

तिसरी गोष्ट, पायवाट मोकळी करायची म्हणजे भाजीवाल्या बाईची टोपली उचलून फेकायची, असा अर्थ करू नये. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यांना जागा आखून द्यावी असे तो सांगतो. गुजरीशिवाय गोल बाजार म्हणजे देवाशिवाय देऊळ. मूल, गोंडपिपरीकडून मोहाची फुले, तेंदू, चारोळी, रानभाजी घेऊन येणारी बाई हीदेखील पायी चालणारीच आहे. चालणाऱ्याला बसायलाही जागा लागते.

चौथी गोष्ट नद्यांची. एका बाजूला इरई, दुसऱ्या बाजूला झरपट, मधे चांदा. इरईला पूर आला की पठाणपुऱ्याच्या बाहेरच्या रस्त्यावर पाणी चढते. २०२२ सालच्या पावसाळ्यातही सखल भागातल्या लोकांना घरे सोडावी लागली. जुन्या लोकांनी नदीला जागा ठेवली आणि तट मागे घेतला. आपण नदीच्या जागेत घरे बांधली. कुठे बांधू नये हे सांगणे हादेखील नियमाचाच धर्म आहे, आणि कदाचित पहिला धर्म.

हे नियम करते कोण, हा शेवटचा प्रश्न. शहराचा विकास आराखडा आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध होतो. त्यावर हरकती-सूचना मागवतात, मुदत देतात. त्या मुदतीत कोण जातो? ज्याची जमीन आरक्षणात आली तो जातो, ज्याला मजले चढवायचे तो जातो. चालणारा जात नाही, कारण आपल्याला विचारले आहे हेच त्याला ठाऊक नसते. याउलट आपल्या गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा पाहा. त्या लहानशा गावाने वर्षानुवर्षे ग्रामसभेत बसून, सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बोलून, जंगल कसे वापरायचे ते ठरवले. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. कुठे तोडायचे, कुठे राखायचे, कुठे चरायचे, हे जागेच्या वापराचे नियमच ना? ते गोंड शेतकऱ्यांनी जमिनीवर बसून केले. गाव जर अठराशे हेक्टरांचा विचार करू शकते, तर वॉर्डाने एका रस्त्याचा करायला काय हरकत आहे?

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करतो आणि संपवतो. पुढच्या सहलीला चंद्रपूरला याल तेव्हा पोरांना नुसता जटपुरा दरवाजा दाखवून गाडीत बसवू नका. अंचलेश्वरापासून बिनब्यापर्यंत आतून पायी चालवा. वाटेत वहीत टिपायला सांगा : कुठे सावली होती, कुठे पाणी मिळाले, कुठे बसता आले, आणि कुठे गाडीच्या भीतीने कोपऱ्यात उभे राहावे लागले. मग आपल्या गावी परत जाऊन तेच शाळेपासून बाजारापर्यंत करा. तो कागद ग्रामपंचायतीला द्या, नगरपंचायतीला द्या. इतिहासाच्या विषयात याला गुण मिळणार नाहीत. पण पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी मोठ्या दरवाजाच्या शेजारी पायी जाणाऱ्यासाठी खिडकी ठेवली होती. ती कुणासाठी ठेवली, हे त्या पोरांना कळेल.